ड्रॉवाल्याला पळवायचे की त्याच्याकडून वसुली करायची?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली असणाऱ्या पोकरमध्ये, आपण पुढे असतो, बेट लावत जातो, समोरचा फ्लशच्या (एकाच चिन्हाची पाच पाने) किंवा स्ट्रेटच्या (ओळीने पाच पाने) आशेने कॉल करत राहतो, म्हणजे आपल्या बेटएवढी रक्कम भरत राहतो, आणि शेवटच्या पानावर पॉट, म्हणजे जमलेली सगळी रक्कम, उचलून नेतो. अशा अजून पूर्ण न झालेल्या पानांना ड्रॉ म्हणतात. म्हणून या सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात; टेबलवर उघडणारी पहिली तीन सामाईक पाने म्हणजे फ्लॉप, चौथे म्हणजे टर्न आणि पाचवे, शेवटचे, म्हणजे रिव्हर. हिशेबात ‘छोटी बेट’ म्हणजे फ्लॉपआधीची व फ्लॉपवरची ठरलेली रक्कम आणि ‘मोठी बेट’ म्हणजे तिच्या दुप्पट असलेली टर्न व रिव्हरवरची रक्कम समजावी.

प्रश्न : मी लहान रकमेच्या टेबलवर लिमिट होल्डेम खेळतो. परवाच्या डावात माझ्याकडे बदामाचा एक्का आणि किलवरचा राजा होता. फ्लॉपआधी मी रेज केला, म्हणजे बेट वाढवली, आणि मी धरून पाच जण पॉटमध्ये राहिले. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची तिर्री आली. मी बेट लावली, एकानेच कॉल केला. टर्नवर बदामाची दुर्री आली. पुन्हा माझी बेट, पुन्हा त्याचा कॉल. रिव्हरवर इस्पिकची पंजी पडली आणि त्याने इस्पिकचा गुलाम व दश्शी उघडून दाखवली. माझ्या सोबत्याचे म्हणणे असे की, लिमिटमध्ये एवढ्याशा बेटने ड्रॉवाला हटत नाही, मग टर्नला बेट लावून पॉट फुगवायचाच कशाला? रिव्हरला पान कोरे (ड्रॉ पूर्ण न करणारे) आले की मग लावावी. हे बरोबर आहे का?

उत्तर : सोबत्याच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ड्रॉवाला हटत नाही हे मान्य. परंतु तो हटावा एवढ्याचसाठी बेट लावायची असते, हे गृहीतक त्यांनी कुठून आणले ते कळत नाही.

तुमचाच डाव घेऊ. फ्लॉपआधी पाच जणांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे 10 छोट्या बेट जमल्या. फ्लॉपवर तुमची एक आणि त्याची एक मिळून 12 झाल्या, म्हणजे टर्नला पॉटमध्ये 6 मोठ्या बेट होत्या. तुमची दोन, त्याची दोन आणि टेबलवरची चार अशी आठ पाने बाजूला काढली तर 44 पाने उरतात. त्यांतली 9 इस्पिकची, म्हणजे त्याची; बाकीची 35 तुमची. आता हाच डाव 44 वेळा झाला आणि दर वेळी रिव्हरला त्या 44 पैकी वेगळे पान पडले, असे धरा. रिव्हरवरची बेट सोयीसाठी सोडून देऊ.

टर्नला तुम्ही चेक केलेत (बेट न लावता पाळी पुढे दिलीत) आणि त्यानेही चेक केले, तर 35 वेळा तुम्हाला 6 मिळतात : एकूण 210 मोठ्या बेट. उरलेल्या 9 वेळा त्याला 6 मिळतात : 54. आता तुम्ही बेट लावलीत आणि त्याने कॉल केला, तर 35 वेळा तुम्हाला पॉटमधल्या 6 आणि त्याची 1 अशा 7 मिळतात, म्हणजे 245, 9 वेळा तुमची 1 जाते, निव्वळ 236. त्याच्याकडे राहतात 28. आणि तुमच्या बेटवर तो फोल्ड झाला, म्हणजे पाने टाकून बाहेर पडला, तर 44 वेळा 6 म्हणजे 264 तुमच्या आणि त्याला शून्य.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत, कारण सगळा घोळ त्यांच्यातल्या फरकामुळे होतो. तो फोल्ड झाला तर तुम्हाला 264, कॉल केला तर 236, आणि तुम्ही बेटच लावली नाही तर 210. त्याने फोल्ड व्हावे असे तुम्हाला वाटणे रास्त आहे. त्याने फोल्ड न होणे हेही रास्त आहे, कारण शून्यापेक्षा 28 बऱ्या. आणि तरीही तुम्ही बेट लावणेच योग्य आहे, कारण फुकट पान दिल्यास त्याचा वाटा 28 वरून थेट 54 वर जातो. तुमची बेट आणि त्याचा कॉल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकतात, हे नवख्या खेळाडूच्या गळी उतरत नाही, कारण त्याला वाटते की एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याची चूक असलीच पाहिजे. पॉटमध्ये आधीच पडलेल्या 6 बेट आता कोणाच्याच मालकीच्या नाहीत, आणि त्यांतल्या आपल्या वाट्यावर हक्क टिकवण्यासाठी तो कॉल करतो. त्या हक्काचे भाडे तुम्ही वसूल करायचे की माफ करायचे, एवढाच टर्नचा प्रश्न असतो. माफ केलेत तर 44 डावांत 26 मोठ्या बेट गेल्या.

‘रिव्हरला कोरे पान आले की लावू’ या सल्ल्यातली खरी मेख वेगळीच आहे. कोरे पान आल्यावर ज्याचा ड्रॉ फसला तो तुमच्या बेटला कॉल कशाला करेल? त्याच्या हातात तेव्हा गुलामापलीकडे काहीही नसते. ड्रॉवाला पैसे देतो ते शेवटचे पान उलटण्यापूर्वी. नंतर तो एक तर पाने फेकतो किंवा जिंकतो.

मीही एके काळी असे तीन-चार पॉट लागोपाठ गमावल्यावर टर्नला चेक करण्याची सवय लावून घेतली होती. मोठे पॉट हरणे खरोखरच कमी झाले आणि त्या समाधानात बरेच दिवस गेले. पुढे वहीतले हिशेब चाळताना दिसले की हरलेले पॉट लहान झाले होते, तसे जिंकलेलेही लहान झाले होते, आणि जिंकलेले संख्येने कितीतरी जास्त असल्यामुळे तोटा मोठा होता.

प्रश्न : म्हणजे लिमिटमध्ये ड्रॉवाल्याला पॉटबाहेर काढणे कधी शक्यच नसते, असे समजायचे का? नो-लिमिटमध्ये (जिथे बेटची रक्कम ठरलेली नसते) तर पॉटएवढी बेट लावून त्याला सहज हाकलता येते.

उत्तर : कोणता ड्रॉ, यावर ते अवलंबून आहे. नो-लिमिटमध्ये पॉटएवढी बेट लावली की समोरच्याला दोनास एक असा भाव मिळतो (दोन जिंकण्यासाठी एक भरायची) आणि पुढच्या एकाच पानासाठी कोणत्याही साध्या ड्रॉला तो परवडत नाही. लिमिटमध्ये बेट ठरलेली असल्याने हा भाव तुमच्या हातात नसून पॉटच्या आकारावर ठरतो.

फ्लॉपवर समोरच्याला 47 पाने दिसायची राहिलेली असतात. फ्लश ड्रॉची 9 पाने, म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश होण्याच्या विरुद्ध 38 ला 9, सुमारे सव्वाचारास एक. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटची 8 पाने, म्हणजे 39 ला 8, पाचास एकच्या जरा आत. मधले एकच पान हवे असलेल्या गटशॉटची फक्त 4, म्हणजे 43 ला 4, पावणेअकरास एक. आणि हातात मधली जोडी धरून दुसरी जोडी किंवा तिसरे पान शोधणाऱ्याची 5, म्हणजे 42 ला 5, साधारण साडेआठास एक.

आता पाच जण रेजशिवाय आत आले तर फ्लॉपवर 5 छोट्या बेट असतात. तुमची एक पडली की 6 ला 1 असा भाव झाला. फ्लश ड्रॉ आनंदाने येईल आणि यायलाच हवे. गटशॉट व मधली जोडी आली तर ती चूक करतात. हेच पाच जण फ्लॉपआधी रेज होऊन आले असतील तर पॉट 10 चा, आणि तुमच्या बेटनंतर भाव 11 ला 1. आता गटशॉटसुद्धा हिशेबात बसला! फ्लॉपआधी तुम्ही केलेला रेज उत्तम पानांवर योग्यच होता, पण त्या रेजनेच पुढे प्रत्येकाला पाठलागाचा परवाना मिळतो, ही लिमिटची जुनी गंमत आहे. अशा पॉटमध्ये कोणी गटशॉटवर कॉल केला म्हणून त्याला मूर्ख ठरवणे म्हणजे हिशेब आपल्यालाच येत नाही हे जाहीर करणे होय.

यावर इलाज एकच, तो म्हणजे एकाच वेळी दोन बेटचा सामना करायला लावणे. त्याच 10 च्या पॉटमध्ये एकाने बेट लावली आणि तुम्ही लगेच रेज केला, तर पॉट 13 चा होतो आणि मागच्याला 2 भरावे लागतात : साडेसहास एक. गटशॉट आणि मधली जोडी पुन्हा परवडेनाशी झाली. फ्लश ड्रॉ तरीही राहतो. त्याला लिमिटमध्ये हलवणे जवळजवळ अशक्य आहे आणि त्याचा नाद सोडावा.

हे साधायचे असेल तर बेट कोण लावणार आणि तो कुठे बसला आहे, हे आधी पाहावे. तुम्ही ब्लाइंडमध्ये (पाने पाहण्याआधी सक्तीची रक्कम भरण्याच्या जागेवर), सर्वांत आधी बोलणारे, आणि फ्लॉपआधी रेज करणारा सर्वांत शेवटी बसलेला असेल, तर चेक करा. मधले चेक करतील, तो सवयीने बेट लावेल, तुम्ही रेज कराल आणि मधल्या सगळ्यांवर दोन बेट एकदम पडतील. पण तो रेज करणारा तुमच्या लगेच नंतर बोलणारा असेल तर चेक-रेजचा परिणाम उलटा होतो : त्याच्या बेटला सगळे एकेक करून कॉल करतात आणि तुमच्या रेजला त्यांना आणखी एकच भरायची असते. तिथे स्वतः बेट लावावी आणि त्याने रेज करण्याची वाट पाहावी. मग मागच्यांवर दोन बेट तो टाकतो.

प्रश्न : आमच्या टेबलवर सैल खेळणारे पुष्कळ आहेत. सगळे जण सांगतात की विरोधकाचा चुकीचा कॉल म्हणजे आपला फायदा. मग तीन-चार जण चुकीचे कॉल करत असताना मला फायदा का जाणवत नाही?

उत्तर : हा या अंकातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. दोघांच्या डावात ‘त्याची चूक ती माझी कमाई’ हे सूत्र खरे आहे, कारण जाणारा पैसा दुसरीकडे जाऊच शकत नाही. तिसरा माणूस आला की तो पैसा कोणाच्या खिशात जातो हे पाहावे लागते.

पहिल्या पत्रातलाच डाव घ्या, पण टर्नला आणखी एक जण आहे आणि त्याच्याकडे चौकटची पंजी व चौकी आहे असे माना. टेबलवर तिर्री व दुर्री असल्याने त्याला एक्का किंवा छक्की हवी. बदामाचा एक्का तुमच्याकडे आहे, आणि इस्पिकचा एक्का व इस्पिकची छक्की पडल्यास फ्लश होतो. म्हणून त्याची स्वतःची पाने 5 च. उरलेल्या 42 पानांपैकी 9 फ्लशवाल्याची, 5 याची आणि 28 तुमची. टर्नला पॉट या वेळी सहाऐवजी साडेचार मोठ्या बेटचा धरू; तुम्ही बेट लावली, फ्लशवाल्याने कॉल केला आणि पॉट साडेसहा झाला. आता स्ट्रेटवाल्याची पाळी.

तो फोल्ड झाला तर त्याची 5 पाने तुमच्याकडे येतात, आणि 42 डावांत तुमचा वाटा 33 गुणिले साडेसहा, म्हणजे 214.5. त्याने कॉल केला तर 28 गुणिले साडेसात, म्हणजे 210. तुम्ही साडेचार गमावल्या. त्याचे काय झाले? 5 वेळा साडेसहा मिळाल्या, 37 वेळा एकेक गेली. त्यानेही साडेचार गमावल्या. आणि फ्लशवाला? त्याची 9 पाने होती तेवढीच राहिली, पॉट मात्र एकाने वाढला; त्याला 9 मिळाल्या. चूक एकाची, भुर्दंड दोघांना आणि लाभ तिसऱ्याला.

या उदाहरणात पॉट 3.6 मोठ्या बेटपेक्षा लहान असेल तर त्याचा कॉल तुम्हाला हवासा असतो, 5.4 पेक्षा मोठा असेल तर कॉल त्याच्या दृष्टीने बरोबर असतो. आणि मधल्या पट्ट्यात तो स्वतःचे नुकसान करून घेतो व तुमचेही करतो. पोकरच्या अभ्यासकांत हा विचार मॉर्टनचे प्रमेय म्हणून ओळखला जातो. 2015 साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी सेफियस नावाच्या प्रोग्रामद्वारे लिमिट होल्डेम जवळपास पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले, तो निकालही दोनच खेळाडूंच्या खेळापुरता आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र यावरून बेट थांबवू नका. वरच्या डावात दोघेही कॉल करणार हे आधीच ठाऊक असले, तरी बेट लावल्याने पॉटमध्ये 3 वाढतात, त्यांतल्या 1 तुमच्या असतात आणि तुमचा वाटा 42 त 28, म्हणजे दोन-तृतीयांश असल्याने 2 परत येतात. एका बेटमागे एक पूर्ण बेट नफा! पहिल्या पत्रातल्या एकट्या फ्लशवाल्याकडून तो 44 त 26, म्हणजे सुमारे 0.6 इतकाच होता. पाठलाग करणारे जितके जास्त तितक्या वेळा तुम्ही हरणार, आणि तितकीच तुमची प्रत्येक बेट अधिक कमावणार. हरलेले डाव मनाला लागतात, जिंकलेल्या डावांतली जादा बेट कोणी मोजत नाही. फायदा जाणवत नाही याचे निम्मे कारण हे आहे आणि निम्मे वरचे प्रमेय.

प्रश्न : मी फ्लॉपवर बेट लावतो, शेवटी बसलेला रेज करतो. मी घाबरून टर्नला चेक करतो, तर तोही चेक करतो. आणि रिव्हरला त्याचा फ्लश लागतो. ही कसली चाल?

उत्तर : फुकट पानाची. फ्लॉपवर एक छोटी बेट जास्त देऊन तो टर्नवरची एक मोठी बेट वाचवतो, म्हणजे अर्ध्या किमतीत सौदा. त्याने साप दाखवला आणि तुम्ही चेक करून वाट मोकळी करून दिलीत. तुमच्याकडे वरची जोडी चांगल्या एक्क्यासह असेल आणि टेबलवर एकाच चिन्हाची दोन पाने असतील, तर फ्लॉपवरच पुन्हा रेज करावा, किंवा रेजला कॉल करून टर्नला कोरे पान पडताच स्वतःच बेट लावावी. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात मोठ्या बेटची वसुली होते. त्या बेटवरही त्याने पुन्हा रेज केला, तर मात्र तो बहुधा ड्रॉवर नाही हे ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट त्याच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. फ्लॉपवरच्या फ्लश ड्रॉला रिव्हरपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. पॉटमध्ये त्याच्यासह चार जण असतील तर तो प्रत्येक बेटचा चौथा हिस्सा भरतो आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जिंकतो. तिथे त्याचा रेज ही फुकट पानाची युक्ती नसून सरळ नफ्याचा रेज असतो.

प्रश्न : माझ्याकडे तीन नव्व्या असतील तर फ्लश ड्रॉला किती घाबरावे?

उत्तर : जोडीच्या मानाने कमीच. टेबलवर इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चौकी आणि किलवरची दुर्री असेल, तर इस्पिकच्या 9 पानांपैकी चौकी आणि दुर्री पडल्यास त्याचा फ्लश होतो खरा, पण तुमचा फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) होतो, आणि तो फ्लशहून वरचा. त्याची खरी पाने 7 च. इथे रेजची संधी सोडू नये.

प्रश्न : रिव्हरवर तिसरे इस्पिक पडले आणि त्याने बेट लावली, तर फोल्ड व्हावे का? आणि कोरे पान पडले तर आपण पुन्हा बेट लावावी का?

उत्तर : पहिल्या पत्रातल्या पॉटमध्ये टर्ननंतर 8 मोठ्या बेट आहेत. तिसरे इस्पिक पडल्यावर स्वतःहून बेट लावू नये, कारण फ्लश असेल तर रेज येईल आणि नसेल तर बहुतेक वेळा फोल्ड. चेक करावे. त्याने बेट लावली की पॉट 9 झाला आणि तुम्हाला 1 द्यायची आहे. दहा वेळांत एकाहून जास्त वेळा तुम्ही पुढे असाल तर कॉल फायद्याचा ठरतो. जो खेळाडू फ्लशशिवाय तिथे कधीच बेट लावत नाही अशी तुमची पक्की माहिती आहे, त्याच्यापुढेच फोल्ड व्हावे. नुसत्या भीतीने होऊ नये, कारण चुकीच्या कॉलमध्ये एक बेट जाते आणि चुकीच्या फोल्डमध्ये पूर्ण पॉट.

कोरे पान पडल्यावर हिशेब बदलतो. आता ड्रॉ उरलेला नाही. तुमच्यापेक्षा हलक्या पानांनी कॉल येण्याचे प्रसंग जड पानांनी कॉल येण्याच्या प्रसंगांपेक्षा जास्त असतील तरच बेट लावण्यात अर्थ आहे. समोरच्याकडे एक्क्याऐवजी लहान जोडीदार पान असलेला राजा किंवा अठ्ठीची जोडी असू शकते असे वाटत असेल तर लावावी. तो ड्रॉवरच होता अशी खात्री असेल, आणि तुम्ही आधी बोलणारे असाल, तर चेक करावे : फसलेल्या ड्रॉला कॉल करणे परवडत नाही, पण पॉट मोठा असला की ब्लफ करण्याचा मोह त्याला आवरत नाही, आणि मग टर्नला घेतलेल्या भाड्यावर आणखी एक बेट आपणहून तुमच्याकडे येते. त्याचा स्वभाव ठाऊक नसेल तर मी बेटच लावतो, कारण अनोळखी टेबलवर ब्लफ करणाऱ्यांपेक्षा हलक्या जोडीवर कुतूहलाने कॉल करणारे मला नेहमीच जास्त भेटले आहेत.